तूट, संशय आणि अब्रू

दुकान लहान असो वा कारखाना मोठा असो, जेथे धन्याचा माल व धन्याचा पैसा नोकराच्या हातून जातो, तेथे केव्हा ना केव्हा तूट निघण्याचा प्रसंग यावयाचाच. सायंकाळी गल्ला मोजताना चारपाचशे रुपये कमी भरतात. तांब्याच्या तारेचे वेटोळे वहीत असते, पण कोठारातल्या फळीवर नसते. औषधांच्या दुकानातील महागड्या गोळ्यांची पाकिटे खरेदीच्या पावतीत दिसतात, विक्रीत दिसत नाहीत आणि कपाटातही सापडत नाहीत. अशा वेळी धन्याच्या मनात पहिला प्रश्न 'काय झाले?' हा उभा राहावयास पाहिजे. पण मनुष्यस्वभाव असा आहे की, त्याच्या ओठांवर प्रथम येतो तो 'कोणी नेले?' हाच. पहिल्या प्रश्नाचे उत्तर मिळण्यापूर्वी दुसरा विचारला गेला म्हणजे जे अनर्थ ओढवतात, त्यांविषयी चार शब्द लिहिण्याचे आम्ही ह्या महिन्यात योजिले आहे.

हा विषय व्यापारी मासिकाचा आहे, कुटुंबात वाचल्या जाणाऱ्या मासिकात त्याचे काय काम, असे कोणी म्हणेल. आम्हांस तसे वाटत नाही. आमच्या वाचकांच्या घरी कोणी बँकेत रोखपाल आहे, कोणी पतपेढीचा चिटणीस आहे, कोणी छापखाना चालवितो, कोणाच्या सूनबाईंनी रक्ततपासणीची प्रयोगशाळा काढून चार मुली कामास ठेविल्या आहेत. म्हणजे आज संशय घेण्याची पाळी ज्यांच्यावर आहे आणि उद्या संशय सोसण्याची पाळी ज्यांच्यावर येईल, अशी दोन्ही प्रकारची माणसे बहुधा एकाच पंक्तीस जेवतात. आणि ज्या घरी ह्यांपैकी काहीच नाही, त्या घरीही धुणेभांडी करणारी बाई येतेच.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करून ठेवू. नोकर चोरी करीतच नाहीत, किंवा केली तरी धन्याने ती पोटात घालावी, असे आमचे म्हणणे मुळीच नाही. कौटिल्याने अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणात सरकारी द्रव्याचा अपहार करण्याचे चाळीस प्रकार मोजून दाखविले आहेत. आधी वसूल झालेली रक्कम मागाहून जमा दाखविणे, एकाने दिलेले दुसऱ्याच्या नावे लिहिणे, मापात व वजनात लबाडी करणे, हे सारे प्रकार त्यात आहेत आणि आजच्या कोणत्याही हिशेबतपासनिसास ते परिचित वाटतील. पाण्यातील मासा व पाणी यांचा त्याने दिलेला दृष्टान्त तर प्रसिद्धच आहे. तेव्हा चोरी जुनी आहे, खरी आहे, आणि ती चालू देणे हे प्रामाणिक नोकरांवरही अन्यायाचे आहे. कारण एका चोराच्या पायी कोठारातील सर्वांकडे वाकड्या नजरेने पाहिले जाते.

परंतु चोर ओळखावयाचा कसा? डोनाल्ड क्रेसी नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने अपहाराच्या गुन्ह्याबद्दल तुरुंगात असलेल्या लोकांच्या मुलाखती घेऊन १९५३ साली एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यास असे आढळले की, विश्वासाच्या जागेवरील मनुष्य बहुधा तीन गोष्टी एकत्र आल्या म्हणजे घसरतो. चारचौघांत सांगता येत नाही अशी पैशाची अडचण, ती गुपचूप भागविण्याची संधी, आणि 'मी चोरी करीत नाही, उसने घेतो आहे' अशी घातलेली मनाची समजूत. ह्या तिन्हींतील एकही गोष्ट मनुष्याच्या चेहऱ्यावर लिहिलेली नसते. शिवाय, संधी अधिक मिळते ती ज्यावर अधिक विश्वास त्यास. उलट आपला संशय मात्र धावतो तो नवख्यावर, गरिबावर, जातीने परक्यावर, किंवा ज्याने मागील महिन्यात पगारवाढ मागितली त्याच्यावर. म्हणजे आपला संशय एका वाटेने जातो आणि अपहार बहुधा दुसऱ्याच वाटेने झालेला असतो.

त्यातही, तूट निघाली म्हणजे चोरी झालीच, असे समजण्यास आधार नाही. माल येतानाच कमी आलेला असतो आणि पोचपावतीवर न मोजता सही झालेली असते. एका प्रतीचा माल दुसऱ्या प्रतीच्या नावे विकला जातो. नासधूस, गळती व वाळवण यांची नोंद राहते. हिशेबातील चुका तर नाना प्रकारच्या असतात. ५४० च्या जागी ४५० लिहिले, तर फरक ९० चा पडतो. शेजारचे दोन आकडे उलटसुलट झाले असता येणाऱ्या फरकास नेहमीच नवाने निःशेष भाग जातो. म्हणून तूट नवाने भागली जाते असे दिसले की जाणता कारकून प्रथम कीर्द-खतावणी उलटून पाहतो. एखादी रक्कम जमेऐवजी नावे पडली, तर फरक तिच्या दुप्पट येतो. म्हणून तो फरकाची निमपट करून ती रक्कम वहीत शोधतो. अशी चूक सापडली म्हणजे चोर शोधण्याचे कारणच उरत नाही. हे काम कंटाळवाणे आहे खरे. पण ते टाळून जो धनी माणसांकडे बोट दाखवितो, तो आपल्या आळसाची किंमत दुसऱ्याच्या अब्रूने फेडीत असतो.

हे आम्ही केवळ तर्काने बोलत नाही. इंग्लंडात टपालखात्याने ह्याच चुकीपायी जो अनर्थ केला, तसा दुसरा शोधून सापडणे कठीण. त्या देशात खेडोपाडी टपालकचेऱ्या चालविणारे लोक बहुधा स्वतःचे छोटे दुकान सांभाळून खात्याचे काम करीत. १९९९ च्या सुमारास खात्याने त्यांच्या हिशेबाकरिता 'होरायझन' नावाची संगणकपद्धती बसविली. ती 'फुजित्सु' ह्या कंपनीने पुरविली होती. लवकरच ठिकठिकाणी तुटी निघू लागल्या. जे गृहस्थ व ज्या बाई वर्षानुवर्षे पै-पैचा हिशेब देत आले होते, त्यांच्या नावे हजारो पौंडांची येणी दिसू लागली. हॅम्पशायर परगण्यातील एका खेड्यातील बाईंनी दोन हजार पौंडांची तूट दिसताच मदतीकरिता खात्यास दूरध्वनी केला. पलीकडच्या माणसाने सांगितल्याप्रमाणे त्या करीत गेल्या, तो त्यांच्या डोळ्यांदेखत तूट दुप्पट झाली! पुढे ती फुगत छत्तीस हजार पौंडांवर गेली. त्यांनी घर गहाण टाकले, गावकऱ्यांनीही वर्गणी करून पैसे जमविले.

खात्याने ह्या लोकांस काय सांगितले असेल? 'अशी अडचण तुम्हा एकट्यासच येते आहे.' शेकडो ठिकाणी शेकडो लोकांस हेच सांगण्यात आले. प्रत्येकजण आपल्यापुरता एकटा पडला आणि माझ्याच हातून काही चुकले असेल काय, ह्या विचाराने झुरू लागला. करारातील एका कलमाचा अर्थ खात्याने असा केला की, तूट कशीही पडो, ती चालकानेच भरून द्यावी. आणि सर्वांत मोठे वैगुण्य असे की, ज्याचे पैसे गेले असे म्हणावयाचे ते खाते, तपास करणारे खाते आणि न्यायालयात फिर्याद चालविणारेही खातेच! फिर्यादी आणि तपासनीस एक झाले म्हणजे यंत्राचे काही चुकले असेल, असा प्रश्न विचारणारा मनुष्य त्या साऱ्या कारभारात उरत नाही. त्यात भर म्हणून त्या देशाच्या कायद्यातील १९९९ च्या दुरुस्तीनंतर, उलट सिद्ध होईपर्यंत संगणक बरोबर चालत होता असे धरून चालण्याचा न्यायालयांचा प्रघात पडला.

१९९९ पासून २०१५ पर्यंतच्या काळात नऊशेंहून अधिक लोक ह्या हिशेबांच्या आधारे दोषी ठरले. त्यांपैकी सुमारे सातशे खटले खुद्द टपालखात्याने भरलेले होते. कित्येक तुरुंगात गेले, कित्येकांची दिवाळी निघाली. भारतीय वंशाच्या एका बाईंना २०१० साली पंधरा महिन्यांची शिक्षा झाली, तेव्हा त्या गरोदर होत्या आणि तो त्यांच्या मोठ्या मुलाच्या वाढदिवसाचा दिवस होता. अखेर साडेपाचशे चालकांनी मिळून दावा लावला. डिसेंबर २०१९ मध्ये न्यायमूर्ती फ्रेझर यांनी त्या पद्धतीत दोष होते, आणि त्या दोषांमुळे हिशेबात खोट्या तुटी दिसू शकत होत्या, असा निर्णय दिला. पुरवठादार कंपनीची माणसे दुरून त्या हिशेबांत फेरफार करू शकत होती, हेही उघड झाले. आणि हे शक्यच नाही असे खाते वर्षानुवर्षे सांगत आले होते. एप्रिल २०२१ मध्ये वरिष्ठ न्यायालयाने एकोणचाळीस जणांची शिक्षा एकाच दिवशी रद्द केली. उरलेल्यांकरिता २०२४ साली पार्लमेंटास स्वतंत्र कायदा करावा लागला. सर विन विल्यम्स यांच्या चौकशीमंडळाच्या अहवालाचा पहिला भाग जुलै २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. ह्या प्रकरणापायी किमान तेरा जणांनी आत्महत्या केली असण्याचा संभव त्यात नमूद आहे. नुकसानभरपाई आता दिली जात आहे. परंतु कलंक माथी घेऊन जे मरून गेले, त्यांस ती पोहोचविणार कशी?

ह्या प्रकरणातील एक गोष्ट आमच्या वाचकांनी विशेष ध्यानात धरावी. त्या दोषी ठरलेल्यांपैकी पुष्कळांनी न्यायालयात गुन्हा कबूल केलेला होता! त्या हॅम्पशायरच्या बाईंनीही. चोरीचा आरोप मागे घेण्याच्या बदल्यात त्यांनी खोटा हिशेब ठेवल्याचा आरोप पत्करला. निरपराधी मनुष्य गुन्हा कबूल कसा करील, असे आपण सहज म्हणतो. पण आपल्याकडील शास्त्रकारांस हे रहस्य ठाऊक होते. अणीमांडव्य ऋषींची कथा सर्वांस माहीत आहे. महाभारतात ते मौन धरून बसलेले आहेत, आणि त्यांच्या आश्रमात चोरीचा माल सापडल्यामुळे राजा त्यांस सुळी देतो. कौटिल्याने मात्र, चोरीचा तपास कसा करावा ह्या प्रकरणात, मांडव्याचे उदाहरण निराळ्या प्रकारे दिले आहे: चोर नसूनही छळाच्या भयाने त्याने आपण चोर असल्याचे सांगितले, म्हणून पुराव्याची पूर्ती झाल्यावाचून निर्णय करू नये. छळ म्हणजे चाबूकच पाहिजे असे नाही. तुरुंगाची धास्ती, नोकरी जाण्याचे भय, मुलांच्या कानी गोष्ट जाण्याची लाज, ह्यांपैकी कशानेही माणसाचा मांडव्य होतो. भीतीपोटी मिळालेली कबुली हा चोरीचा पुरावा मानता येत नाही.

आता कर्तव्य काय, ते पाहू. तूट ध्यानी आली की धन्याने पहिल्या दिवशी कोणासही काही म्हणू नये. वह्या, पावत्या, कोठाराची नोंद, चित्रण करणारे यंत्र असेल तर त्याचे चित्रण, हे सारे सुरक्षित करून ठेवावे. चित्रण पुष्कळ ठिकाणी काही दिवसांनी आपोआप पुसले जाते. मग मालाची पुन्हा मोजणी करावी, आणि ज्याच्या ताब्यात तो माल होता त्याच्या समक्ष करावी. ज्याने हिशेब लिहिला त्यानेच तो तपासू नये, आणि ज्याने प्रथम संशय बोलून दाखविला त्यास तपासाचे काम मुळीच देऊ नये. ही गोष्ट दोघातिघांपलीकडे जाऊ देऊ नये. कचेरीत एकदा कुजबूज सुरू झाली म्हणजे पुढे निर्दोष ठरलेल्या माणसाचेही तेथे बसणे अशक्य होते.

सहकाऱ्याने आणलेली चहाडी हा दुसरा धोका. ती ऐकूच नये असे नाही. कित्येकदा खरी बातमी तेथूनच कळते. ह्याबाबतीत कौटिल्याचा नियम मोठा मार्मिक आहे. अपहाराची खबर देऊन ती सिद्ध करणाऱ्यास रकमेचा सहावा हिस्सा, आणि तो चाकर असेल तर बारावा हिस्सा बक्षीस; पण सिद्ध करता आली नाही, तर त्यालाच दंड. आज बक्षीस वा दंड कोणी देणार नाही. तरी 'तू स्वतः काय पाहिलेस, कोणत्या दिवशी, कोठे उभा राहून?' एवढे तीन प्रश्न विचारले असता निम्म्या चहाड्या तेथेच गळून पडतात.

तपासांती एखाद्यावर सबळ संशय उरलाच, तर त्यास एकांतात बोलावून विचारावे, आणि त्याचे उत्तर ऐकण्याची खरी इच्छा मनात ठेवून विचारावे. खोलीस बाहेरून कडी लावून कोंडून ठेवणे, मारहाण करणे, धाक घालून कबुली लिहून घेणे, हे प्रकार कित्येक दुकानदारांस आजही नित्याचे वाटतात. ह्यात आपण चोराचा नव्हे तर स्वतःचाच गुन्हा तयार करीत आहो, हे त्यांस ठाऊक नसते. कोणास गैरपणे कोंडणे आणि कबुलीकरिता दुखापत करणे हे दोन्ही भारतीय न्याय संहितेखाली गुन्हे आहेत, आणि चोरी खरीच झालेली असली तरी त्यांचे दायित्व टळत नाही.

दोष खरोखर गंभीर दिसला तर आरोप लेखी द्यावा: कोणत्या दिवशी, कोणती वस्तू, किती किमतीची, आणि कशावरून. 'तुमचे वर्तन संशयास्पद आहे' ह्या वाक्यास उत्तर देणे कोणासही शक्य नाही. उत्तरास पुरेसा अवधी द्यावा. ज्याचा प्रकरणाशी संबंध नाही अशा मनुष्याकडे चौकशी सोपवावी. साक्षीदारांस उलट प्रश्न विचारण्याची आणि आपले साक्षीदार आणण्याची मोकळीक आरोपितास द्यावी. घरगुती चौकशीत फौजदारी न्यायालयाइतका निःसंशय पुरावा लागत नाही, संभवाचे पारडे कोणीकडे झुकते एवढे पाहिले जाते, हे खरे. पण पारडे झुकावयास त्यात काही वजन तर पडले पाहिजे! केवळ मालकाची खात्री हे वजन होत नाही.

चौकशी चालू असताना नोकरास कामावरून दूर ठेवणे कधी कधी आवश्यक असते. परंतु तहकुबी ही शिक्षा नव्हे. म्हणून मोठ्या आस्थापनांकरिता असलेल्या १९४६ च्या स्थायी आदेशांच्या कायद्यात १९८२ साली निर्वाहभत्त्याचे कलम घालण्यात आले. त्या कायद्याची जागा घेणाऱ्या २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेतही ते कायम आहे: पहिले नव्वद दिवस निम्मे वेतन, आणि विलंब नोकराच्या दोषाने झाला नसेल तर त्यापुढे तीन-चतुर्थांश. तुटीची रक्कम पगारातून परस्पर कापून घेण्याची चाल पुष्कळ ठिकाणी आढळते. तिलाही मर्यादा आहे. १९३६ च्या वेतन कायद्यापासून आजच्या २०१९ च्या वेतन संहितेपर्यंत तत्त्व एकच आहे. जो माल वा पैसा त्याच्या हवाली स्पष्टपणे केलेला होता आणि जो त्याच्याच हयगयीने वा कसुरीने गेला, तेवढ्यापुरतीच कपात. आणि तीही त्यास आपले म्हणणे मांडू दिल्यानंतर.

ह्या निर्वाहभत्त्याचे महत्त्व एका खटल्यावरून चांगले कळते. कोलारच्या सोन्याच्या खाणीतील एका सुरक्षा अधिकाऱ्याच्या घरी १९८५ च्या जूनमध्ये झडती झाली. साडेचार ग्रॅमचा सोन्याचा गोळा आणि सोनेमिश्रित वाळू तेथे सापडली, असा आरोप होता. त्यास तहकूब केले, पण भत्ता दिला नाही. पैशाच्या अभावी त्यास दूरच्या गावाहून चौकशीस हजर राहता आले नाही. चौकशी त्याच्या पश्चात पुरी झाली आणि १९८६ साली त्यास बडतर्फ करण्यात आले. पुढल्याच वर्षी फौजदारी न्यायालयाने, झडती व माल सापडणे सिद्ध झाले नाही म्हणून, त्यास निर्दोष सोडले. तरीही नोकरी परत मिळावयास मार्च १९९९ उजाडावा लागला. सर्वोच्च न्यायालयाने त्यास कामावर परत घेण्याचा व तहकुबीपासूनचा सर्व पगार देण्याचा हुकूम केला. ज्यास भाड्याचे पैसे नाहीत त्यास चौकशीस बोलावणे म्हणजे न बोलावणेच होय, हा त्या निकालाचा मथितार्थ आहे. जवळजवळ चौदा वर्षे! ह्या काळात त्या घरातील मुलांच्या शाळेचे, घरातल्या आजाऱ्याच्या औषधाचे काय झाले असेल, ते वाचकांनीच मनात आणावे.

पोलिसांकडे केव्हा जावे, असाही प्रश्न येतो. माल मोठा असेल, पुरावा हाती असेल, तर अवश्य जावे. धन्याच्या ताब्यातील वस्तू नोकराने चोरणे, आणि विश्वासाने सोपविलेली वस्तू वा रक्कम त्याने गिळंकृत करणे, हे कायद्याच्या दृष्टीने दोन निराळे अपराध आहेत. २०२४ च्या जुलैपासून अंमलात आलेल्या न्याय संहितेत दोहोंसही सात वर्षांपर्यंत कैद सांगितली आहे. दोहोंतही अप्रामाणिक हेतू सिद्ध करावा लागतो. संगणकातील नोंद पुराव्यात द्यावयाची, तर तिजबरोबर विहित नमुन्याचे प्रमाणपत्र लागते, ही आपल्या साक्ष कायद्यातील अट इंग्लंडचा अनुभव पाहता मोलाची वाटते. मात्र 'पैसे भर, नाही तर पोलिसांत देतो' असा सौदा करू नये. चोर असेल तर तो त्यातून सुटतो आणि दुसरीकडे तेच करतो; चोर नसेल तर तो उसनवारी करून पैसे भरतो आणि जन्माचा चोर ठरतो.

चोर ओळखण्याच्या आडवाटाही माणसास फार मोहवितात. आपल्या स्मृतिग्रंथांत चोरीच्या संशयाकरिता तंडुलदिव्य सांगितले आहे. संशयितास तांदूळ चावावयास लावीत. थुंकीत रक्त दिसले, अंगास कंप सुटला, तर तो दोषी. आज त्याची जागा नाडीचे ठोके व घाम मोजणाऱ्या यंत्राने घेतली आहे. परंतु कंप तांदळाने मोजा की यंत्राने मोजा, कळते ते एवढेच की मनुष्य भ्याला आहे. तो चोर म्हणून भ्याला की गरीब म्हणून भ्याला, हे दोहोंसही सांगता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली असल्या परीक्षा संमतीवाचून करण्यास मनाई केली, ती योग्यच होय.

आता थोडेसे गृहिणींस. घरातील अंगठी किंवा नोटांची पुरचुंडी दिसेनाशी झाली की आपली दृष्टी कामवाल्या बाईकडे वळते. तिच्या पाठीशी ना कामगारसंघ, ना लेखी आरोप, ना निर्वाहभत्ता. आपल्या तोंडून निघालेला एक शब्द चार बिऱ्हाडांत जातो आणि महिनाअखेर तिची चारही कामे सुटलेली असतात. शूद्रकाच्या मृच्छकटिकात ठेवीचे दागिने चोरीस गेले असता चारुदत्तास दुःख होते ते ह्याचेच की, आपण दरिद्री आहो म्हणून खरे कोणी मानणार नाही, लोक आपल्यालाच चोर म्हणतील. तो तर कुलीन ब्राह्मण, साऱ्या उज्जयिनीस वंद्य. त्याची ही अवस्था, तर दोन खोल्यांत पाच माणसे घेऊन राहणाऱ्या बाईने काय म्हणावे? म्हणून आमची विनंती एवढीच आहे. आधी कपाटामागे, धुण्याच्या बालदीत, जुन्या पर्समध्ये पाहावे. घरातील माणसांस, मुलांसही, तोच प्रश्न त्याच शब्दांत विचारावा. मग तिला विचारावयाचे ते 'तू घेतलेस काय' असे नव्हे, तर 'तुला कोठे दिसली काय' असे. वस्तू सापडली नाही आणि पुरावाही नाही, तर तिचे नाव कोणाजवळ काढू नये.

चौकशीहून बंदोबस्त बरा, हेही सांगितले पाहिजे. पैसा एकाच्या हाती आणि वही दुसऱ्याच्या हाती असावी. अचानक मोजणी करावयाची ती सर्वांची करावी, मालकाच्या भाच्याचीसुद्धा. एकाच जागी एकच मनुष्य वर्षानुवर्षे ठेवू नये. खात्यास अनेक प्रमुख असावेत आणि तेही कायमचे नसावेत, असे कौटिल्यानेच सांगितले आहे. अशी व्यवस्था प्रामाणिक नोकरासच अधिक उपयोगी पडते, कारण तूट निघाली असता ती आपली नव्हे हे तो वहीवरून दाखवू शकतो. आणि नोकरास पैशाची अडचण मोकळेपणाने सांगता येईल, दोन महिन्यांचा पगार आगाऊ मागता येईल, इतकी माया धन्याने राखावी. चारचौघांत न सांगता येणारी अडचण हेच जर अपहाराचे बीज, तर ती सांगता येणे हाच त्यावरचा पहिला उपाय नव्हे काय?

शेवटी, ज्यावर संशय घेतला तो मनुष्य निर्दोष ठरला तर काय करावे? बहुतेक धनी 'ठीक आहे, उद्यापासून कामावर या' एवढेच म्हणतात. तेवढ्याने भागत नाही. ज्या चौघांनी त्यास मान खाली घालून जाताना पाहिले, त्या चौघांसमोर तो निर्दोष आहे असे धन्याने स्वतः सांगितले पाहिजे. कापलेला पगार दिला पाहिजे, तेच काम आणि त्याच किल्ल्या त्याच्या हाती परत दिल्या पाहिजेत. इंग्लंडातील त्या टपालचालकांस सरकारने पैसे दिले. पण त्यांतील कित्येकांनी प्रथम मागितले होते ते एवढेच की, आमची नावे धुऊन निघावीत. आमच्या वाचकांपैकी ज्यांच्या कमरेला कोठाराच्या किल्ल्या आहेत, त्यांनी उद्या तूट निघाली म्हणजे प्रथम वही उघडावी, आणि तोंड मागाहून उघडावे.